डब्यातली चिठ्ठी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी ठेवतोय. फोनवर विचारलं की तू "ठीक आहे, आजी झोपलीय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. आईकडून कळलं, शेजारच्या बेडवरचा माणूस पहाटे गेल्यापासून तुला आजीजवळच्या स्टुलावर बसवत नाही, तू जिन्यात जाऊन बसतोस. अण्णांना सांगू नको, असंही म्हणालास म्हणे.

2009 साली तुझ्या मोठ्या काकांना तोंडाचा कॅन्सर निघाला, तेव्हा मी सव्वादोन महिने परळला टाटात त्यांच्यासोबत होतो. पाठ टेकायला दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा. गावात अजून म्हणतात, भावापाठी कसा खंबीर उभा राहिला! खंबीर कसला. सगळे झोपले की मोरीतल्या आरशासमोर मोबाईलची बॅटरी धरून मी स्वतःचं तोंड उघडून बघायचो. जिभेनं गालाची आतली बाजू चाचपायचो. तंबाखू सोडून वर्षं झाली होती, तरी रोज नवा फोड सापडायचा. एकदा वाशीमकडच्या एकाजवळ हे बोललो. तो म्हणाला, "मी मानेत गाठ शोधतो." मग आम्ही दोघं हसलो, चहा प्यायलो.

याहून वाईट सांगतो. समोरच्या बेडभोवती पडदा ओढला, की मनात पहिलं यायचं, सुटलो, आपला नाही. मग त्या माणसाची बायको रडायला लागायची आणि माझी मान वर होत नसे. तिथं मेला असं कुणी म्हणत नाही. 'एक्सपायर झाला', नाहीतर नुसतं 'बावीस नंबर गेला'. मी तर दादाजवळून खाली औषधं आणायला निघालो, तरी 'येतो, येतो' म्हणत दारापर्यंत जायचो. चुकून 'जातो' निघायला नको.

एकुलता एक मुलगा गेल्याचं कळूनही गाडगेबाबांनी कीर्तन थांबवलं नाही, हे लहानपणापासून ऐकत आलोय. धर्मशाळेत त्यांच्या फोटोखाली झोपून मला काही बळ आलं नाही. उलट लाजच वाटायची.

आजीच्या श्वासाचं मात्र नीट ऐक. सोमवारी रात्री मीही हादरलो होतो. श्वास मोठा मोठा होत जातो, मग बारीक होतो आणि थांबतोच. घड्याळ लावून मोजलं, अठरा सेकंद. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा झटका आलेल्यांत असं होतं, त्याला चेन-स्टोक्स म्हणतात. थांबला की लगेच संपलं, असं नाही. आणि बोटाची क्लिप सरकली किंवा बोट गार पडलं तरी ते मशीन बोंबलतं. सिस्टरला हाक मारच, पण क्लिपही बघ. आजी उठून घरी येईल असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत.

सोयाबीन उद्या संध्याकाळपर्यंत निघेल. गुरुवारी पहिल्या एसटीनं येतो, मग रात्रीची पाळी माझी. तोवर जिन्यात बसायचं तर खुशाल बस. फक्त सिस्टरला सांगून बस, म्हणजे 'सात नंबरचे नातेवाईक' अशी हाक आली की ती तुला शोधत फिरणार नाही.

भाकऱ्या सहा आहेत. दोन त्या पाच नंबरच्या मावशींना दे, त्यांचं कुणी आलेलं दिसत नाही. ठेचा वेगळ्या डबीत आहे.

तुझा,
अण्णा