मसुदा वापरून पाहणारे कोणी हवे

सातारा

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पवईचे डिझाइनचे शिक्षण संपल्यावर हाती आलेल्या दोन नोकऱ्यांपैकी कोणती घ्यावी, याबद्दल तू विचारले आहेस. सरकारी धोरणांवर काम करणाऱ्या संस्थेत ‘स्क्रीन आखणाऱ्या मुलीला कोण विचारणार’ अशी शंकाही तू काढली आहेस. महसूल खात्यात उभी हयात टेबलाच्या अलीकडे बसून काढल्यामुळे या शंकेवर मला थोडे बोलता येईल.

आमच्या वेळी नियम आणि अर्जदार यांच्यामध्ये कारकून असे. तो कधी अडवणूक करी, हे खरे. पण एखादा रकाना लागू होत नसेल, तर समासात शेरा मारून अर्ज पुढेही सरकवी. आता त्या जागी स्क्रीन आली आहे, आणि तारांकित रकाना भरल्याशिवाय ती पुढचे पानच उघडत नाही. लाडकी बहीण योजनेचे उदाहरण घे. 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणे, सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी महिलेच्या आधारनंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला जाई. कुटुंबाच्या उत्पन्नाला अडीच लाखांची मर्यादा असल्याने ती माहिती मागण्यात गैर काही नव्हते. मात्र पती वारलेला आणि वडीलही हयात नाहीत, अशा बाईने तिथे काय लिहावे? अखेर नोव्हेंबरात मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवून, अशा महिलांनी मृत्यूचे किंवा घटस्फोटाचे कागद सादर करावेत, अशी सोय करावी लागली. शासन निर्णय निघण्यापूर्वी तो फॉर्म गावातल्या चार विधवांपुढे अर्धा तास ठेवला असता, तरी ही अडचण उघडी पडली असती. कोणी बेपर्वा होते असे मी म्हणत नाही, पण हे करून पाहणे कोणाच्याच कामाच्या वाटणीत लिहिलेले नसते.

हेतू चांगला असूनही असे कसे होते, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. 2000 च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातील पाम बीच काउंटीत उमेदवार बरेच होते आणि वयस्क मतदारही बरेच. त्यांना वाचता यावे म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षर मोठे ठेवले, आणि त्यासाठी नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागून मत देण्यासाठी टोचणीने पाडायच्या छिद्रांची एकच ओळ मधोमध घेतली. डाव्या पानावर रिपब्लिकन पक्षाचे बुश पहिले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे गोर दुसरे. पण दुसरे छिद्र उजव्या पानावरील, रिफॉर्म या छोट्या पक्षाच्या ब्युकॅनन यांचे होते आणि गोर यांचे तिसरे. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत 3,400 च्या आसपास मते पडली, आणि त्यांतली बरीच आपली नसावीत असे खुद्द त्यांनीच सांगितले. शिवाय एकाहून अधिक छिद्रे पडल्यामुळे 19 हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या. संपूर्ण फ्लोरिडाचा निकाल लागला तो 537 मतांच्या फरकाने. नमुना मतपत्रिका मतदारांना आधीच पाठवलेली होती, हे विशेष. ती अनेकांनी पाहिली असेल. पण टोचणी हातात घेऊन, रांगेच्या घाईत, ती वापरून कोणी पाहिली नव्हती.

आपल्याकडेही मसुदा नियम प्रसिद्ध होतात, ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात, आणि वकील, संघटना, कंपन्या आपापले म्हणणे पाठवतात. ती सगळी मसुदा वाचणारी मंडळी असतात, वापरून पाहणारी नव्हेत. माणसे एखादी गोष्ट प्रत्यक्ष कशी वापरतात ते पाहण्याची तुझी विद्या नेमकी इथे हवी आहे. अमेरिकेने 2002 मध्ये जो निवडणूक सुधारणा कायदा केला, त्यात मतदान यंत्रे वापरणाऱ्या माणसांच्या वर्तनाचा अभ्यास व्हावा, अशी तरतूद कायद्यातच घातली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ऑनलाइन फसव्या मांडणीचे 13 प्रकार नाव देऊन मना केले, आणि त्या ‘डार्क पॅटर्न’ना ते नाव 2010 मध्ये दिले होते हॅरी ब्रिग्नल या तुझ्याच पेशातल्या गृहस्थाने. म्हणजे कोणी विचारत नाही, हे अगदीच खरे नाही.

एरवी मात्र चूक सुधारायला न्यायालय लागते. बँकेच्या डिजिटल केवायसीत जिवंतपणाची खूण म्हणून पापणी मिटून दाखवावी लागे. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या व्यक्तीला ते कसे जमावे? सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवून 20 निर्देश दिले. निकाल उत्तम आहे. पण तोवर खाते न उघडलेल्या माणसांचे काय?

अधिकाऱ्यांशी बोलताना एक अडचण येईल, ती आताच सांगून ठेवतो. ‘सहा जणांचे निरीक्षण करून तुम्ही राज्याचे धोरण बदलायला सांगता?’ असे कोणीतरी म्हणेलच, आणि तो प्रश्न अगदीच चुकीचा नाही. किती लोक अडतील, हे सहा जणांवरून सांगू नकोस. कुठे अडतील आणि का, एवढेच सांग. आणि चित्रफिती, रंगीत सादरीकरणे यांच्या नादी न लागता पानभर टिपणी लिहायला शीक, कारण सरकारी नस्तीला (फाइलीला) टिपणीच लागते. सूचना नियमात बंधनकारक म्हणून गेली पाहिजे, हेही पाहा. निव्वळ मार्गदर्शक तत्त्वे कपाटात जातात, हा माझा अनुभव आहे.

होकार कळवण्यापूर्वी त्या संस्थेला एवढेच विचार, की मसुदा तुझ्या हाती हरकती मागवण्याच्या आधी येणार की निविदा निघून पोर्टल तयार झाल्यावर. उत्तर दुसरे असेल, तर पगार जास्त असलेली नोकरी खुशाल घे. आई नाराज होईल, तिला मी समजावीन.

तुझे
बाबा