दहा गिगाबिटची वाहिनी, आठ मेगाबिटची धार

महोदय,

एखाद्या संस्थेला सेकंदाला १० गिगाबिटची जोडणी मिळाली की बातमी येते, फोटो छापून येतो. त्या जोडणीतून पुढे प्रत्यक्षात किती डेटा गेला, हे मात्र कोणी विचारत नाही. १ टेराबाइट डेटा या वेगाने साडेतेरा मिनिटांच्या आत जायला हवा. तोच डेटा युरोपात पोचायला साडेअकरा दिवस लागू शकतात, तेही जोडणी चालू आणि सगळे दिवे हिरवे असताना.

रस्ता नाही, अशी आता सबब नाही. नॅशनल नॉलेज नेटवर्कला केंद्राने मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती दीड हजार संस्था जोडण्यासाठीच. पुण्या-मुंबईत या रस्त्याची गरज असलेल्या संस्थाही कमी नाहीत. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेना आहेत, म्हणजे ४३५ जोड्या, आणि प्रत्येक जोडीची नोंद हजारो वारंवारतांवर सतत साठत जाते. हा डेटा देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगाचे केंद्र तर युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेहून येणाऱ्या डेटावरच चालते. घोडे अडते ते संस्थेच्या कुंपणाच्या आत, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये.

डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो आणि टीसीपी म्हणजे त्यांच्या वाहतुकीचे नियम. त्याची रीत अशी की एखादे पॅकेट गळले की पाठवणारा वेग झटकन खाली आणतो आणि पलीकडून पोच येईल तसतसा पुन्हा वाढवतो. पुणे-मुंबई पोच ४ मिलिसेकंदांत येते असे धरू, युरोपातून १५० मिलिसेकंदांत. दहा हजारांत एक पॅकेट गळत असेल, तर पारंपरिक टीसीपीच्या गणिताने मुंबईपर्यंत सुमारे ३०० मेगाबिटचा वेग मिळतो आणि युरोपापर्यंत जेमतेम ८ मेगाबिटचा. गळती तीच, तार तीच, फरक फक्त अंतराचा. म्हणून तक्रार केल्यावर सेवा पुरवणारा जवळच्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट घेऊन दणदणीत आकडा दाखवतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याने चुकीचे अंतर मोजलेले असते.

पॅकेट गळतात कुठे? बहुतेकदा फायरवॉलमध्ये, म्हणजे येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या पेटीत. पेटीवर १० गिगाबिट लिहिलेले असते, पण ती हजारो छोट्या संवादांची बेरीज असते आणि ती अनेक प्रोसेसरांत वाटली जाते. संशोधनाचा डेटा म्हणजे एकच जाडजूड प्रवाह. तो एकाच प्रोसेसरवर येऊन आदळतो, तिथला बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि वरचे पॅकेट टाकून दिले जाते. काही फायरवॉल टीसीपीच्या शीर्षातला विंडो (पोच येण्याआधी वाटेत असू शकणारा डेटा) वाढवण्याचा पर्यायच पुसून टाकतात. मग विंडो ६४ किलोबाइटवर अडकते आणि १५० मिलिसेकंदांच्या अंतरावर साडेतीन मेगाबिटच्या वर काही सरकत नाही. या अंतरावर १० गिगाबिटची वाहिनी पूर्ण भरायची, तर वाटेत एका वेळी सुमारे १८८ मेगाबाइट असावे लागतात!

दुसरी जागा इतकी क्षुल्लक की तिच्याकडे लक्षच जात नाही. सिंगल-मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी फायबर तार) काढून तशीच परत खोचली आणि टोकावर धुळीचा कण बसला, तर लिंक तुटत नाही, फक्त अधूनमधून पॅकेट खराब होते. स्विचच्या पोर्टवरचा सीआरसी एररचा, म्हणजे खराब आलेल्या पॅकेटांचा, आकडा हळूहळू चढत असेल, तर आधी टोक तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा, क्लीनरने पुसा, आणि मगच नवा मॉड्यूल मागवा.

उपाय नवा नाही. अमेरिकेतल्या ईएसनेट या संशोधन-जालाने साधारण पंधरा वर्षांपूर्वी ‘सायन्स डीएमझेड’ नावाने तो मांडला. आवाराच्या सीमेवरच्या राउटरला थेट जोडलेले, फक्त डेटा ने-आण करणारे एक यंत्र ठेवायचे. त्यावर ईमेल नाही, ब्राउझर नाही, विद्यार्थ्यांची खाती नाहीत. सुरक्षा विभाग इथे हमखास हरकत घेतो आणि ती गैर नाही. पण संरक्षण काढायचे नसते, त्याची जागा बदलायची असते. राउटरवरच नियम लावून ग्लोबस या डेटा पाठवण्याच्या सेवेसाठी ४४३ आणि ५०००० ते ५१००० एवढेच पोर्ट (क्रमांक दिलेली दारे) उघडायचे आणि वाहतुकीची प्रत बाजूला काढून तिच्यावर नजर ठेवायची. या यंत्राच्या डिस्कही वाहिनीला पुऱ्या पडायला हव्यात. एका हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला २०० मेगाबाइट धरला, तर १० गिगाबिट भरायला तशा सहा-सात एकत्र लागतात. महागडा सर्व्हर घेऊन आत एकच डिस्क घालणारेही आहेत!

वापरणाऱ्यांनीही सवय बदलायला हवी. फाइली पाठवण्याच्या एससीपी या आज्ञेची स्वतःची विंडो साधारण २ मेगाबाइटची, म्हणजे युरोपापर्यंत ११० मेगाबिटच्या आसपास छत. १०० किलोबाइटच्या दहा लाख फाइली एकेक करून पाठवल्या, तर नुसत्या पोचेची वाट पाहण्यात एकेचाळीस तास जातात. त्यांचे टार गठ्ठे केले, तर तेच १०० गिगाबाइट १ गिगाबिटवर पाव तासाच्या आत जातात. आणि दोन्ही टोकांना एसएचए-२५६ (फाइलचा जणू बोटांचा ठसा) काढून जुळवल्याशिवाय मूळ प्रत पुसू नये. टीसीपीची तपासणी १६ बिटांची आहे, तिच्यावर विसंबणे धाडसाचे.

कुरिअरची थट्टा मात्र करू नये. २० टेराबाइटची डिस्क दोन दिवसांत पोचली, दोन्ही टोकांना कॉपी करण्याचे अठ्ठावीस-अठ्ठावीस तास धरले, तरी सरासरी सव्वाचारशे मेगाबिट पडते. आज अनेक संस्थांच्या वाहिन्या दूरच्या अंतरावर कुरिअरपुढे हरतात.

म्हणून एक सूचना. जोडणीच्या आणि फायरवॉलच्या निविदेत बेरजेचा वेग मागू नये. १०० मिलिसेकंदांहून दूरच्या परफसोनार (जालाचा वेग आणि गळती मोजणारी प्रणाली) यंत्रापर्यंत, एकाच प्रवाहात, सलग चोवीस तास मिळालेला वेग आणि त्या काळातली गळती, या दोन आकड्यांवर शेवटचा हप्ता ठरवावा. परफसोनार फुकट आहे, त्याला एक छोटे यंत्र पुरते आणि ते पुढेही रोज मोजत राहते. ते फायरवॉलच्या आत एक आणि बाहेर एक असे ठेवले, तर दोष कोणाचा यावरच्या बैठकाही वाचतील.

— संगणक-जाल विभागातील एक वाचक, पुणे