खंडविजेत्यांचा चषक पुन्हा भरवा, पण दहा दिवसांत

महोदय,

फिफा कॉन्फेडरेशन्स कप, म्हणजे सहा खंडांचे विजेते, विश्वविजेता आणि यजमान यांची स्पर्धा, ही विश्वचषकाची रंगीत तालीमच होती, बंद झाली तरी कुणाचे काय अडले, असा सूर फुटबॉलवरच्या लेखनात वरचेवर लागतो. तो मला मान्य नाही. या स्पर्धेची जागा आता 'फिनालिसिमा'ने, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधल्या एका सामन्याने, घेतली आहे, हे तर अजिबात पटत नाही. 1 जून 2022 रोजी वेम्बलीवर अर्जेंटिनाने इटलीला 3-0 असे हरवले, त्या दिवशी आफ्रिकेचा विजेता सेनेगल होता, आशियाचा कतार, उत्तर व मध्य अमेरिकेचा अमेरिका आणि ओशनियाचा न्यूझीलंड. यातल्या एकालाही बोलावणे नव्हते. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या संघटनांनी आपापसांत सामना खेळावा, त्याला हरकत नाही. पण सहा खंडांपैकी चार वगळून उरतो तो खंडविजेत्यांचा चषक नव्हे.

स्पर्धेचा आराखडा किती नाजूक असतो, हे याच स्पर्धेच्या इतिहासातून दिसते. 1992 मध्ये रियाधला किंग फहद कप म्हणून ती सुरू झाली, तेव्हा चारच संघ होते आणि थेट बाद फेरी होती. 1995 मध्ये सहा संघ घेऊन तिघा-तिघांचे दोन गट केले आणि तिथेच अडचण झाली. डेन्मार्क आणि मेक्सिको या दोघांनीही सौदी अरेबियाला 2-0 असेच हरवले होते. त्यांचा आपसातला सामना 1-1 सुटला. गुण सारखे, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) सारखा, केलेले गोलही सारखेच! शेवटी गटाचा निकाल पेनल्टी शूटआऊटवर लावावा लागला आणि डेन्मार्क पुढे गेला. तिघांच्या गटात प्रत्येकाचे दोनच सामने होतात, त्यामुळे हिशेब असा अडकण्याची शक्यता मोठी असते. शिवाय शेवटच्या सामन्याच्या वेळी तिसरा संघ नुसता बसून असतो.

1997 पासून फिफाने आठ संघ आणि चौघांचे दोन गट केले. त्यातून काय निघू शकते, ते 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दिसले. पहिले दोन्ही सामने हरलेल्या अमेरिकेने इजिप्तला 3-0 हरवले, त्याच वेळी ब्राझीलने इटलीला 3-0 हरवले. अमेरिका, इटली आणि इजिप्त, तिघांचे तीन-तीन गुण. इजिप्तचा गोलफरक उणे तीन, बाकी दोघांचा उणे दोन. अमेरिकेचे गोल चार, इटलीचे तीन. एका गोलाने विश्वविजेता इटली घरी गेला आणि अमेरिकेने उपांत्य फेरीत स्पेनची 35 सामन्यांची अपराजित घोडदौड 2-0 अशी थांबवली. याला तालीम कोण म्हणेल?

आणि तालमीचाही उपयोग असतो. 2017 मध्ये रशियात व्हिडिओ पंच वापरले गेले. सोचीत जर्मनी-कॅमेरून सामन्यात जर्मनीच्या एम्रे चानवर फाऊल केला कॅमेरूनच्या माबुकाने, पंचांनी पिवळे कार्ड दाखवले त्याचा सहकारी सियानीला. पडद्यावर पाहून आल्यावर लाल कार्डही सियानीलाच! कॅमेरूनच्या खेळाडूंनी गराडा घातल्यावर पंच पुन्हा पडद्याकडे गेले, तेव्हा कुठे माबुका बाहेर गेला. फाऊल किती गंभीर, हे तपासताना तो केला कुणी, हे पाहायचे राहून गेले होते. अशी चूक विश्वचषकात होण्याआधी इथे झाली, हे बरेच झाले.

2013 मध्ये ओशनियाचा विजेता म्हणून आलेल्या ताहितीवरून या स्पर्धेची टर उडवली जाते. तीन सामन्यांत 24 गोल खाल्ले, हे खरे. पण त्या संघात व्यावसायिक खेळाडू एकच होता. नायजेरियाविरुद्ध जोनाथन तेहाऊने हेडरवर गोल केल्यावर खेळाडूंनी मैदानावर रांगेत बसून होडी वल्हवल्याचा अभिनय केला आणि ब्राझीलचे प्रेक्षक त्यांचेच झाले. 2026 पासून विश्वचषकात ओशनियाला एक थेट जागा आहे, पण खंडविजेता म्हणून या पातळीवर खेळता येईल, असे दुसरे दार आता उरलेले नाही.

मार्च 2019 मध्ये फिफाने क्लब विश्वचषक मोठा करायचे ठरवले आणि ही स्पर्धा मोडीत काढली. दिलेल्या कारणांत तथ्य होते. एकूण 16 सामने, अंतिम फेरी गाठणाऱ्याला दोन आठवड्यांत पाच सामने, त्यामुळे क्लब कुरकुरणारच. 2017 मध्ये जर्मनीने क्रूस, म्युलर अशा मुख्य खेळाडूंना घरीच ठेवले. दुसऱ्या फळीच्या त्या संघाने अंतिम सामन्यात चिलीला 1-0 हरवले, हा भाग वेगळा.

म्हणून गट काढून टाकावेत. सहा खंडविजेते, विश्वविजेता आणि यजमान असे आठ संघ असावेत. एकच संघ खंडविजेता आणि विश्वविजेता अशा दोन्हीकडून पात्र ठरला, तर त्या खंडाचा उपविजेता घ्यावा. 2013 मध्ये स्पेन विश्वविजेता आणि युरोपविजेताही होता, तेव्हा इटली असाच आला होता. पहिल्या व दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व सामने, पाचव्या व सहाव्या दिवशी उपांत्य सामने ठेवावेत. पहिल्या फेरीत हरलेल्या चौघांचे आपसात दोन सामने त्याच दिवसांत व्हावेत, म्हणजे ताहितीसारखा संघ एका सामन्यासाठी अर्धे जग ओलांडून येणार नाही. दहाव्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम सामना. एकूण सामने दहा, कुणालाही तीनांहून जास्त नाहीत आणि दोन सामन्यांमध्ये प्रत्येकाला किमान तीन पूर्ण दिवस विश्रांती. बरोबरी झाल्यास जादा वेळ नको, 90 मिनिटांनंतर थेट पेनल्टी. मैदाने चार हवीत. दोनांवर भागेल, पण मग पहिल्या दोन्ही दिवशी त्याच गवतावर सामना होईल आणि गोलसमोरची जमीन उखडेल.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर