ओरासीनबद्दल तुला लिहायचं होतं

प्रिय मन्या,

तू इतक्यांदा सांगितलेला, व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या टेनिसपटू बहिणींच्या वडिलांवरचा ‘किंग रिचर्ड’ परवा रात्री अखेर पाहिला. काल रात्री पुन्हा लावला. फोनवर बोललो असतो तर तू मला अर्ध्यात थांबवून तुझ्या थोरलीच्या बॅकहँडवर आला असतास, म्हणून हे पत्र.

तुला तो सिनेमा इतका का भिडला, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधली ती खडबडीत कोर्टं, दुकानातल्या ढकलगाडीत भरून आणलेले जुने बॉल, रात्री सिक्युरिटी गार्डची ड्युटी आणि दिवसा मुलींचा सराव. व्हिक्टरी स्टँडवर कुणाला तरी ४० हजार डॉलरचा चेक मिळताना टीव्हीवर पाहिला आणि तिथेच मुलींना टेनिसपटू करायचं ठरवलं, असं रिचर्ड विल्यम्स आयुष्यभर सांगत आलाय. मुली जन्मायच्या आधीच ७८ पानांचा आराखडा तयार! थोरली चालायला लागली तेव्हा तू भिंतीवर लावलेला तो तक्ता मला आठवला. तुझी जिद्द मी जवळून पाहिली आहे, मन्या. तिच्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे.

रिचर्ड झालेल्या विल स्मिथनं कमाल केली आहे. ऑस्करच्या रात्री त्याने मंचावर क्रिस रॉकला थप्पड मारली, त्यामुळे लोक त्याचं काम विसरले, याचं मला वाईट वाटतं. खांदे पाडून चालणं, समोरच्याला बोलू न देणं, सगळं अचूक. आणि व्हीनस झालेली सानिया सिडनी मुळात डावखुरी आहे, हे तुला माहीत होतं? या भूमिकेसाठी ती उजव्या हाताने खेळायला शिकली. तिचा सर्व्ह मी दोनदा मागे नेऊन पाहिला, कुठेही शंका येत नाही.

तुझा प्रश्न होता की, रिचर्डसारखं थोरलीला वर्षभर स्पर्धांतून काढून फक्त सराव करून घ्यावा का. हे पाहा, त्याने १९९१ मध्ये मुलींना ज्युनिअर स्पर्धांतून काढलं ते व्हीनस तिथे हरत होती म्हणून नव्हे. ती एकही सामना हरली नव्हती. त्याला शेजारच्या कोर्टवर पोरांवर खेकसणारे आईबाप दिसत होते. सिनेमात तो जेनिफर कॅप्रियातीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवतो. कोवळ्या वयात व्यावसायिक झालेली, पुढे कोलमडलेली मुलगी. त्याला पोरींचं बालपण वाचवायचं होतं. तुझं कारण तेच आहे का? मागच्या महिन्यात हरल्यापासून तू थोरलीशी धड बोलला नाहीस, असं तीच मला म्हणाली. कारण तेच असेल तर खुशाल काढ, मी तुझ्या बाजूने उभा राहीन.

आणि शेवट पाहिलास ना नीट? दोन जगज्जेत्या बहिणींवरचा सिनेमा, आणि तो संपतो पराभवावर. १९९४, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. चौदा वर्षांची व्हीनस पहिल्याच व्यावसायिक स्पर्धेत अरांचा सांचेझ व्हिकारिओसमोर. त्या वर्षीची फ्रेंच आणि यूएस ओपन, दोन्ही अरांचाने जिंकलेल्या. पोरगी पहिला सेट ६-२ घेते, दुसऱ्यात ३-१ पुढे जाते, आणि तिथून ओळीने अकरा गेम हरते. अकरा! सामना संपल्यावर आईबाप तिला जवळ घेतात. कुठे चुकलं हे त्या क्षणी कुणीच विचारत नाही. मी तिथे रडलो.

पण खरं लिहायचं होतं ते वेगळंच. तुझ्या फोनवरच्या सगळ्या बोलण्यात ओरासीनचं नाव एकदाही आलं नाही. आई. पाच मुली, नर्सची नोकरी, आणि त्यातून ती स्वतः टेनिस शिकलेली. प्रशिक्षक पॉल कोहेन फुकट शिकवायला तयार होतो तो एकट्या व्हीनसला. मग धाकट्या सेरेनाचं काय? व्हीनसचा सराव कॅमेऱ्यात टिपून घरी येतो आणि ओरासीन तो बघून सेरेनाला कोर्टवर घेऊन जाते. ना टाळ्या, ना मुलाखत. पुढे त्याच धाकटीने एकेरीची २३ ग्रँड स्लॅम जिंकली. व्हीनसची ७.

स्वयंपाकघरातला तो प्रसंग पुन्हा बघ. रिचर्ड आपल्या त्यागाचं काहीतरी बोलत असतो आणि ओरासीन त्याला तिथेच अडवते. आवाज फार चढत नाही. या पोरींना मीही घडवलंय, मीही राबलेय, तू एकटा नाहीस. आणि आधीच्या संसारातली तुझी मुलं तू कुठे सोडलीस तेही मला माहीत आहे. ओरासीन झालेली ऑंजन्यू एलिस नुसती उभी राहते आणि समोरचा एवढा बोलका माणूस गप्प होतो. सिनेमा व्हीनस-सेरेनाच्या संमतीने बनलाय, निर्मात्यांत त्यांची नावं आहेत, त्यामुळे बापाच्या कडा थोड्या घासून गुळगुळीत केल्या असणारच. तरी हा प्रसंग त्यांनी ठेवला. मला वाटतं, नावात ‘रिचर्ड’ असलेल्या सिनेमात मुलींनी आईचं देणं इथे फेडलंय.

आता एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस. गेल्या महिन्यातल्या सामन्याला मी वहिनींच्या शेजारी बसलो होतो. तू जाळीला टेकून थोरलीला ओरडून सांगत होतास. पलीकडच्या कोर्टवर धाकटीचा सामना सुरू झाला होता, तिकडे तुझी पाठ. वहिनींच्या मांडीवर एक वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेलं कोर्ट आणि त्यात पेन्सिलीचे ठिपके. धाकटीचा प्रत्येक सर्व्ह कुठे पडला, त्याचा ठिपका. बाहेर गेला तर फुली. तारखा टाकून मागची कितीतरी पानं भरलेली होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, “दुसरा सर्व्ह सारखा नेटमध्ये जातोय हो, भावजी. टॉस पुढे पडतोय तिचा. यांना सांगेन कधीतरी, निवांत असले की.”

त्या सांगतील याची वाट बघू नकोस. तूच जाऊन माग. निळ्या पुठ्ठ्याची आहे, बहुतेक त्यांच्या पर्समध्येच असते.

पोरींना खूप आशीर्वाद. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बंड्या