गोल कुणी अडवला, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

परवाच्या अंकात आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या फुटबॉल स्पर्धेची बातमी आली, तीही फोटोसकट. त्याबद्दल आधी आभार. सामना टायब्रेकरवर सुटला. पेनल्टीवर गोल मारणाऱ्या सगळ्या मुलींची नावं बातमीत आहेत. दोन पेनल्ट्या अडवणाऱ्या मुलीचं नाव मात्र नाही. 'गोलरक्षणही उत्तम झाले' एवढ्यावर तिची बोळवण!

ती माझ्या हाताखाली शिकते, म्हणून मला झोंबलं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण हे फक्त कोल्हापुरातच होतं असं नाही. 1999 च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत अमेरिकेत पॅसाडेनाला झाली, नव्वद हजारांवर प्रेक्षक होते. चीनविरुद्धचा तो सामनाही पेनल्टीवरच सुटला. शेवटची पेनल्टी मारून जर्सी काढणाऱ्या ब्रँडी चॅस्टेनचा फोटो जगभर गेला. चीनची तिसरी पेनल्टी ब्रायाना स्करीनं अडवली होती म्हणून ती वेळ आली, हे किती जणांना आठवतं?

मी राजारामपुरीत राहते. दिवसा एका पतसंस्थेत काउंटरला बसते आणि सकाळी एका महाविद्यालयाच्या मुलींच्या संघातल्या कीपरना शिकवते. मी स्वतः कॉलेजात हँडबॉलची कीपर होते, फुटबॉलकडे नंतर वळले. फुटबॉल प्रशिक्षकाचं डी लायसन्स केलं. गोलकीपिंगच्या प्रशिक्षकांसाठी एएफसीचे, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचे, लेव्हल एकपासून पुढचे वेगळे कोर्स असतात. ते करायचे तर रजा टाकून, पदरचे पैसे घालून बाहेरगावी जावं लागतं. ते अजून जमलेलं नाही.

फुटबॉल काय असतो हे आमच्या गावाला सांगायला नको. पाटाकडील-दिलबहार या दोन तालमींच्या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते आणि आज पोस्टाखाली कोण उभं राहणार यावर चहाच्या गाड्यावर भांडणं होतात. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक पोराला फॉरवर्डच व्हायचंय. मुलींच्या संघात कीपर कशी ठरते, हेही सांगते. जी उंच ती, नाहीतर जिला पळायचा कंटाळा ती. मग सामन्याआधी कुणीतरी तिला आठ-दहा शॉट मारतं आणि त्यालाच कीपरचा सराव म्हणतात.

गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. पाच फूट दोन इंचाची मुलगी त्यात उभी केली की बिचारीला दोन्ही बाजूंनी आभाळच दिसतं. मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणते. तिची दोन टोकं दोन पोलांना बांधते आणि मधला भाग ताणून चेंडूपाशी खुंटीला अडकवते. मुलीला आधी गोलरेषेवर उभी करते, हात पसरायला लावते, दोन्हीकडची मोकळी जागा दाखवते. मग म्हणते, आता चेंडूकडे दोन पावलं टाक. दोऱ्या तिच्या अंगाजवळ येतात. आणखी दोन पावलं. बोटं दोऱ्यांना टेकायला लागतात. तिथं मुलीचा चेहरा बघावा. अँगल कमी करणं म्हणजे काय, हे फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी जे डोक्यात शिरत नाही, ते त्या दोरीनं शिरतं. चेंडू बाजूला सरकवला की खुंटी बदलायची आणि परत पहिल्यापासून.

पडायला शिकवणं हे वेगळंच काम. आमच्या मैदानात लाल माती आणि खाली खडी. आधी गुडघ्यावर बसून कुशीवर पडायचं. मग उकिडवं बसून, मग उभं राहून. आधी मांडी, मग कंबर, मग खांदा असं अंग टेकायचं. कोपर आधी टेकलं की सोलून निघालंच. ज्या दिवशी मुलगी पडताना डोळे मिटायची थांबते, त्या दिवशी मी तिच्या घरी फोन करून सांगते. ओरडायला शिकवायला तर याहून जास्त दिवस लागतात. 'कीपर!' अशी हाक पेनल्टी बॉक्सच्या बाहेर ऐकू गेली पाहिजे, नाहीतर आपलीच बचावपटू अंगावर येऊन आदळते. घरी 'हळू बोल' ऐकत वाढलेल्या मुलीला बेंबीच्या देठापासून ओरडायला लावणं सोपं नाही. शेजारच्या जॉगिंग ट्रॅकवरचे आजोबा दचकून बघतात. बघू देत.

नियमही बदलत असतात. 2025 पासून कीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला की समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतात. हे कीपरच्या कानावर कुणी घालायचं? मुख्य कोच दहा जणींच्या मागं असतो.

मला मिळतं ते मानधन, तेही स्पर्धेपुरतं. व्हाउचरवर 'संकीर्ण खर्च' लिहिलेलं असतं. गेल्या हंगामाचे पैसे अजून आलेले नाहीत. महाविद्यालयाचं नाव घेत नाही, कारण तिथले फिजिकल डायरेक्टर भले गृहस्थ आहेत आणि त्यांच्या हातात काही नाही. पण 'कीपरला वेगळा कोच कशाला?' असं मला जिमखाना समितीत विचारलं गेलं, त्याचं उत्तर इथं देते.

एमी ग्रिफिन नावाच्या बाई आहेत. 1991 मध्ये पहिला महिला विश्वचषक जिंकलेल्या अमेरिकेच्या संघात त्या राखीव कीपर होत्या. पुढं 1996 पासून सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि वीस वर्षांहून जास्त काळ कीपर घडवत राहिल्या. अमेरिकेची नावाजलेली कीपर होप सोलो त्यांच्याच हाताखालची. आपल्या ओळखीतल्या काही कीपरना कॅन्सर झाल्याचं या बाईंच्या लक्षात आलं. कृत्रिम गवतातल्या काळ्या रबराच्या दाण्यांवर कीपर रोज लोळतात, त्याचा याच्याशी संबंध असेल का, म्हणून त्यांनी अशा खेळाडूंची यादी करायला घेतली. त्या यादीमुळं वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य विभागाला चौकशी करावी लागली. 2017 च्या अहवालात अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण आढळले नाहीत, तेव्हा कुणी घाबरून जाऊ नये. मी सांगतेय ते यादीबद्दल. ती ना डॉक्टरनं केली, ना क्रीडाधिकाऱ्यानं. कीपर रोज कुठं पडते, तिच्या अंगाला काय लागतं, हे बघणारं माणूस तिथं कायमचं होतं, म्हणून ती झाली. आपल्याकडं आता जागोजागी टर्फ झालेत. मुलींच्या बुटांतून तेच काळे दाणे घरी येतात. विचारणार कोण?

अमेरिकेत सगळं आलबेल होतं असंही नाही. तिथंही कॉलेजच्या संघांत 'स्वयंसेवक' म्हणून बिनपगारी राबणारे प्रशिक्षक असायचे. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेनं पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांसाठी हा स्वयंसेवक प्रकार 2023 च्या जुलैपासून बंद केला. आपल्याकडं त्याला अजून 'खेळाची आवड' म्हणतात.

प्रत्येक महाविद्यालयानं वेगळा माणूस नेमावा असं माझं म्हणणं नाही, परवडणारही नाही. पण शहरातल्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक कीपर कोच वर्षभरासाठी ठेवला तर काय बिघडतं? सगळी मैदानं गाडीवरून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात आहेत. आठवड्यातले दिवस वाटून घ्यावेत, मानधन वाटून घ्यावं आणि ते महिन्याच्या महिन्याला द्यावं. शिवाजी विद्यापीठाच्या क्रीडा विभागानं मनावर घेतलं तर सांगली-साताऱ्यालाही हे जमेल. ग्लोव्हजचीही एकत्र मागणी करता येईल. सात नंबरचे मागितले की दुकानदार लहान पोरांचे दाखवतो आणि लाल मातीत त्यांचा तळवा महिन्याभरात उडतो.

संपादक महोदय, आपल्याकडं मागणं छोटं आहे. सामन्याच्या बातमीत दोन्ही कीपरची नावं द्यावीत, हरलेलीचंसुद्धा. आणि आपले फोटोग्राफर गोलच्या मागं बसतात, त्यामुळं फोटोत फॉरवर्डचं तोंड आणि कीपरची पाठ येते. पुढच्या सामन्याला त्यांना एकदा मध्यरेषेजवळ बसवून बघा.

आपली,
एक गोलकीपर प्रशिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)