पोलादाचा चांगला पाटा जाळून दाखवणाऱ्या लोहार मामा-मामींस

आदरणीय मामा आणि मामी,

सादर नमस्कार.

पेरणीच्या तोंडावर जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर तुम्ही भट्टी मांडली आणि लोहारकामाचा गंधही नसलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हाती विश्वासाने सांडशी दिलीत. तुम्ही निघालात तेव्हा कंठ दाटून आल्यामुळे मला धड बोलता आले नाही, म्हणून तेव्हाचे आभार आज सर्वांसमक्ष लिहून मानत आहे.

तुमच्या आधी मी इतरांकडेही गेलो होतो. शहरातल्या एका कार्यशाळेने भरपूर शुल्क घेतले, आम्हाला ऐरणीपासून दूर बाकांवर बसवून प्रात्यक्षिक दाखवले आणि शेवटी हाती घण देऊन छायाचित्रे काढून घेण्याची तेवढी मुभा दिली. एका कारखानदाराने तर ‘हौशी माणसाच्या हाती माल गेला की वाया जातो’ असे सांगून मला फाटकातूनच परत पाठवले. दोघांच्याही आवारात लोखंडाचे ढीग पडले होते, हे आठवले की आजही मन कडवट होते.

तुमच्याकडे असा ढीग नव्हता. ट्रकच्या जुन्या कमानीचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे, मोजके पाटे तुम्ही भंगारातून विकत आणले होते आणि कोणत्या तुकड्याचा विळा करायचा, कोणत्याचे खुरपे, हे आधीच ठरलेले होते. लोखंड प्रमाणाबाहेर तापले हे ओळखायचे कसे, असे मी पुन्हा पुन्हा विचारत होतो. तेव्हा मामा, तुम्ही काही न बोलता विळ्यासाठी कापून ठेवलेला एक चांगला तुकडा उचलून निखाऱ्यांत खुपसलात आणि मामींना पंखा फिरवत राहायला सांगितलेत. लाल, केशरी, पिवळा असे रंग चढत गेले, मग तुकडा पांढुरका झाला आणि त्यातून ठिणग्या तडतडू लागल्या. तो पाण्यात विझवून तुम्ही ऐरणीवर फोडलात, तेव्हा तुटलेली कड भरड रव्यासारखी दिसली. शेजारी बेताने तापवून विझवलेला दुसरा तुकडा मोडून त्याची बारीक, करडी कड दाखवलीत आणि एवढेच म्हणालात, “हे दोन्ही आता कामाचं नाही, पण तू विसरायचा नाहीस.” मी पैसे पुढे केले, तर मामींनी माझा हात मागे सारला. “पाटा आमचा, मोडला बी आम्हीच,” असे त्या म्हणाल्या.

पोलादाचा चुंबकीय गुण सुमारे ७७० अंश सेल्सिअसला जातो, म्हणून नवशिक्याने चुंबक लावून तापमानाचा अंदाज घ्यावा, असे पुढे माझ्या वाचनात आले आणि मी तसे करतोही. मात्र भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग नीट कळत नाही, म्हणून भट्टी सावलीतच हवी, हे मला तुमच्याजवळ बसूनच उमगले. मामांच्या हातोडीचा ठोका जिथे पडे नेमका तिथेच मामींचा घण पडताना मी पाहिला, आणि घणाची पाळी माझी आली तेव्हा मामांनी आपली लय माझ्यासाठी संथ केली, हेही माझ्या लक्षात आले होते.

ज्यांना गावोगाव ‘इथे उतरू नका’ असे ऐकावे लागते, पाण्याचा हंडा भरायलाही परवानगी मागावी लागते, त्यांनी आपल्या पोटापाण्याची विद्या आणि सोबत दोन अवजारांचा कच्चा माल एका अनोळखी माणसासाठी खर्ची घालावा, हा चांगुलपणा मला भल्याभल्यांत दिसलेला नाही. गावातल्या आम्ही मंडळींनी तुमच्याशी त्याच्या निम्म्याने तरी माणुसकीने वागायला हवे होते.

आता मी वस्तू अडकवायचे आकडे आणि चिमटे करतो. खुरप्याला पाणी देण्याचे, म्हणजे ते तापवून विझवून कडक करण्याचे काम मात्र तुमच्या देखरेखीखालीच शिकायचे ठरवले आहे. पुढच्या खेपेला गावाबाहेर उतरू नका. आमच्या खळ्याशेजारी चिंचेखाली जागा साफ केली आहे, विहीर जवळच आहे आणि भंगारवाल्याकडून कमानीचे काही पाटे आणून ठेवले आहेत. त्यांतले आधी तुम्ही तुमच्या कामासाठी निवडून घ्या, उरतील त्यांवर मी शिकेन.

तुमचा ऋणी,
एक शिकाऊ