वाळू खचली की फोन कर

कोल्हापूर,
16 फेब्रुवारी

प्रिय दत्ता,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोलांची पुडी परवा एकदमच हातात पडली. पुडी सोडली आणि स्वैपाकघरात तुमच्या पडवीचा वास भरला. पत्र दोनदा वाचलं. शेवटी तू विचारलंयस, "तुमच्या त्या तळ्यात रोज बघूक काय गावता रे?" त्याचंच उत्तर आज सविस्तर लिहितोय.

डिसेंबरात तुझ्याबरोबर तुमच्या वायंगणीला समुद्राच्या पुळणीवर चाललो, तेव्हापासून माझं चालणंच बदललंय. तोवर मी रंकाळ्याला फेरी मारायचो ती घड्याळाकडं बघत. तू मात्र दहा पावलं टाकलीस की थांबायचास. ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्या इवल्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातली होती, ती दाखवायला तू उकिडवा बसलास. पाऊण तास आपण तिथंच होतो. खेकडा वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. भरती आली की सगळी रांगोळी पुसून जाते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. तुझ्यासारखं थांबायला मी इथं आल्यावर शिकलो.

आता सकाळी सहाला निघतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, धारोष्ण दुधाचा एक ग्लास घेतो आणि तळ्यावर जातो. संध्यामठाच्या बाजूला केंदाळ (जलपर्णी) कमी आहे, तिथं बसलं की पाणी जवळून दिसतं. या हंगामात हळदी-कुंकू बदकं आहेत, शेकाटे आहेत, पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. नदीसुरय पाण्यावरनं फिरत फिरत मध्येच असा सूर मारतो की तुमचे कुरव आठवतात. आणि वारकरी तर पुष्कळ. काळा पक्षी, पांढरी चोच, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करतो.

गेल्या मंगळवारी त्यातलाच एक काठाशी फडफडताना दिसला. बाकीचे लांब गेले, हा जागचा हलेना. पायरी उतरून बघितलं, तर पायाला गळाचा नायलॉनचा दोरा. एक टोक केंदाळात अडकलेलं, दुसरं त्याच्या पायाला चार-पाच वेढे घेऊन पंखाखाली गेलेलं. रोज भेटणाऱ्या एका गवळीमामांनी डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. माझ्याकडं किल्ल्यांच्या जुडग्यात नेलकटर होतं, त्यानं एकेक वेढा तोडत गेलो. पाय इतक्या जवळून मी पहिल्यांदा बघितला. बदकासारखा पडदा नाही. प्रत्येक बोटाला करड्या-हिरव्या पाकळ्या, एकीला लागून एक, पोहण्यासाठी. दोरा दोन पाकळ्यांच्या मध्ये मांसात रुतला होता. त्याचा लाल डोळा सारखा माझ्याकडं. त्यानं बोचकारलं ते अजून दुखतंय, पण त्यात त्याचा काय दोष? टॉवेल काढला तसा तो पाण्यावर पाय आपटत पळत सुटला आणि थव्यात जाऊन मिसळला. मामा एवढंच म्हणाले, "जगला बघा." मी दोरा खिशात घालून घरी आणला. मोजला तर माझ्या उंचीपेक्षा मोठा भरला.

रात्रभर तुझ्या किनाऱ्यावरचं कासव डोळ्यांसमोर होतं, जाळ्याच्या तुकड्यात मान अडकलेलं, ज्याला तू आणि तुझ्या पोरांनी सोडवलंत. गळ टाकणाऱ्यावर माझा राग नाही, त्याचंही पोट आहे. तुटलेला दोरा तिथंच टाकून जायचं, याचा मात्र मला मनापासून राग येतो. आता मी रोज पिशवी नेतो आणि काठावरचा दोरा गोळा करतो. मामाही करतात.

दत्ता, आणखी एक मनात घोळतंय. गगनबावड्यापासून तुमचा समुद्र पक्ष्याच्या वाटेनं पन्नास-साठ किलोमीटरवर. पण तिथल्या डोंगरधारेच्या अलीकडं पडलेला पाऊस समुद्राला पाठ करून निघतो. कुंभीतनं पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि मग थेट बंगालच्या उपसागरात. आमच्या घाटावरचं पाणी तुझ्या दारी कधीच यायचं नाही, याची मला उगीच हुरहूर वाटायची. मग गुहागरच्या त्या कासवाचं वाचलं. मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला 03233 क्रमांकाचा बिल्ला लावला होता आणि जानेवारी 2025 मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर! आमचं पाणी ज्या समुद्रात जातं, तिथनं एक मादी तुमच्या किनाऱ्याला आली. हे वाचलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना धरून धरून सांगत होतो.

इकडची खुशाली ठीक. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग आहे. (त्या ट्रॅक्टरच्या चाकाचा माग मातीत बघितला की तू दाखवलेला कासवाचा माग आठवतो, अगदी तसाच.) गुऱ्हाळावरनं एक किलोचे चार रवे आणलेत, दोन तुझ्या आयेसाठी एस.टी.नं पाठवतोय. तिचा गुडघा कसा आहे ते कळव.

तू लिहिलंस की 20 जानेवारीच्या पहाटे कासवाचं घरटं मिळालं, एकशे बारा अंडी, मादीनं अंग आपटून आपटून वाळू दाबली होती. मी हिशेब केलाय. पंचेचाळीस दिवस धरले तर 6 मार्च, साठ धरले तर 21. वाळू उबदार असली तर माद्या जास्त, असं तूच म्हणाला होतास. यंदा फेब्रुवारीतच इथं दुपारी चटका बसतोय, तुमच्याकडं कसं आहे? घरट्यावर सावली करावी लागेल का, तेही लिही.

6 तारखेपासून माझी पिशवी भरलेली असेल. पिल्लं वर यायच्या आधी वरची वाळू खचते म्हणालास ना, ती खचली की फोन कर. रात्री कितीही वाजलेले असोत.

तुझा,
वसंता